दोन शिक्षक, एक तास: पदवीच्या वर्गात आंतरविद्याशाखीय शिकवणे प्रत्यक्षात कसे जमवावे?

मुरूमवाट

मी पश्चिम महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी भूगोल शिकवतो. आमचे महाविद्यालय स्वायत्त, म्हणजे आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवणारे, असल्यामुळे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ची नवी रचना आमच्याकडे २०२३-२४ पासूनच लागू झाली; संलग्न महाविद्यालयांकडे ती पुढच्या वर्षी आली. या रचनेत प्रत्येक विद्यार्थ्याला मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (दुय्यम विषय) यांच्या जोडीला ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे एक निवडीचा विषय, घ्यावे लागते, आणि ते त्याच्या मेजरच्या विद्याशाखेबाहेरचेच असावे असा नियम आहे. हेतू चांगला आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक ठिकाणी वाणिज्यच्या मुलांना सोपे केलेले रसायनशास्त्र आणि विज्ञानाच्या मुलांना सोपे केलेले अर्थशास्त्र शिकवले जाते, आणि त्यालाच आपण आंतरविद्याशाखीय म्हणू लागलो आहोत. ताटात वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या म्हणून कालवण होत नाही. ते कालवावे लागते.

आम्ही तिघांनी, म्हणजे मी, रसायनशास्त्राच्या एक मॅडम आणि वाणिज्य विभागाचे एक सहकारी, गेली दोन वर्षे दोन क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे श्रेयांक; तासांवरून ठरणारे अभ्यासाचे माप) एक अभ्यासक्रम चालवून पाहिला. विषय अगदी साधा होता: आपल्या गावची विहीर. पहिल्या वर्षी आम्ही तीस तासांचे दहा-दहा तास असे वाटे केले आणि तिथेच चुकलो. मी बेसाल्टचे थर शिकवले, मॅडमनी पाण्याची कठीणता शिकवली, सरांनी पिकाचा ताळेबंद शिकवला. मुलांनी एकाच वहीत तीन रिबिनी लावून तीन विषय लिहिले आणि परीक्षेत तीन प्रश्नांची तीन उत्तरे दिली. विहीर कोणालाच दिसली नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही उलटी सुरुवात केली. पहिल्या तासाला फळ्यावर एकच प्रश्न लिहिला: शेजारच्या गावातील एका विहिरीचे पाणी फेब्रुवारीतच का आटते, आणि तिच्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या दुसरीचे मे महिन्यापर्यंत का टिकते? पहिले आठ तास आम्ही तिघेही वर्गात उभे होतो. मुलांनी आधी दोन्ही विहिरींचे कडे मोजले आणि आतले थर पाहिले. पहिल्या विहिरीत मुरमाचा थर पातळ होता आणि त्याखाली लगेच अखंड काळा कातळ होता, तर दुसरीत झिजलेल्या आणि भेगाळलेल्या खडकाचा थर बराच खोल गेलेला होता. इथपर्यंत भूगोल पुरला. पण पहिल्या विहिरीवरच्या शेतात ऊस होता आणि दुसरीवर ज्वारी-हरभरा होता, त्यामुळे उपसा किती होतो हे काढल्याशिवाय पुढे जाता येईना.

त्यावर वाणिज्य शाखेची मुले म्हणाली की विजेच्या बिलावरून पंप किती तास चालला ते काढू. बिले आणली, तेव्हा लक्षात आले की त्या पंपाला मीटरच नाही आणि बिल अश्वशक्तीवर आकारले जाते, म्हणजे पंप दिवसभर चालवला काय आणि एकदाही चालवला नाही काय, आकडा तोच. मग मुलांनी फीडरला, म्हणजे गावाच्या वीजवाहिनीला, वीज केव्हा असते ते विचारून घेतले, पाच अश्वशक्ती म्हणजे साधारण पावणेचार किलोवॉट हा हिशेब भौतिकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने मांडला, आणि आठ तासांना तीसच्या आसपास युनिट होतात, ज्यांचा खर्च शेतकऱ्याला वेगळा असा जाणवतच नाही, हे सर्वांसमोर आले. पाणी का आटते या प्रश्नाच्या उत्तरात बिलाची पद्धत येऊन बसेल, असे आम्हा तिघांपैकी कोणालाही सुरुवातीला वाटले नव्हते.

आता माझ्या अडचणी. आम्ही तिघे उभे असलो तरी कागदावर तो तास एकाच्याच नावावर पडतो. परीक्षेचा प्रश्न कोणी काढायचा आणि उत्तर कोणी तपासायचे, यावर वाद होतो. प्राचार्य अनुकूल आहेत, पण त्यांच्यापुढे वर्कलोडचा तक्ता असतो. इतरांनी हे कसे सोडवले आहे?

अपूर्णांक

मी संख्याशास्त्र शिकवतो आणि विरोधी बाजू मांडतो, त्याबद्दल राग नसावा. आपला प्रयोग वाचायला रंजक आहे, परंतु माझ्या विषयाचे विद्यार्थी तिसऱ्या वर्षाला येतात तेव्हा त्यांना विचलन (आकडे सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते) म्हणजे काय हे नीट सांगता येत नाही. नव्या रचनेत सत्राला बावीसच्या आसपास क्रेडिट असतात, आणि त्यांत ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, सहअभ्यासक्रमीय असे सगळे बसवता बसवता पहिल्या वर्षी मुख्य विषयाला उरलेला वेळ पाहून हताश व्हायला होते. ज्याला एकही विद्याशाखा नीट येत नाही, तो दोन विद्याशाखांमध्ये पूल कसला बांधणार?

दुसरे असे की आपण हा खेळ एकदा खेळून हरलो आहोत. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे असा आदेश दिला आणि पुढे पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पर्यावरणाचा अभ्यासक्रम अनिवार्य झाला. पर्यावरणापेक्षा अधिक आंतरविद्याशाखीय विषय दुसरा कोणता असेल? तरीही त्याचे काय झाले हे या धाग्यावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे: झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळणारा प्रकल्प, त्यावर रंगीत मुखपृष्ठ आणि शिक्षकाची न वाचता केलेली सही.

मुरूमवाट

पर्यावरणाच्या प्रकल्पाबद्दल आपण लिहिले ते खरे आहे, आणि त्या सह्यांमध्ये माझ्याही काही आहेत. परंतु तो विषय फसला तो अनेक विद्याशाखांचा होता म्हणून नव्हे, तर तो कोणाचाच नव्हता म्हणून. ज्या शिक्षकाचे तास कमी भरत होते त्याच्याकडे तो जायचा. पायाबद्दलचा मुद्दा मात्र मला मान्य आहे, आणि त्यामुळेच आमच्याकडे हा अभ्यासक्रम पहिल्या सत्राऐवजी तिसऱ्या सत्रात ठेवला आहे. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला अश्वशक्तीचे किलोवॉट करता आले, कारण त्याला भौतिकशास्त्र येत होते.

सत्र पाचवे

सर, विद्यार्थ्यांच्या बाजूने लिहिते. मी दुसऱ्या एका स्वायत्त महाविद्यालयात मानसशास्त्र मेजर घेऊन शिकते. प्रवेशाच्या वेळी आम्हाला ओपन इलेक्टिव्हची जी यादी दाखवली, तिच्यात विदाविश्लेषणाची (डेटा अॅनालिसिसची) ओळख करून देणारा विषय होता, आणि मला तोच हवा होता, कारण आमच्या विषयात प्रयोगांची आकडेवारी सतत लागते. प्रत्यक्षात तो तास आमच्या प्रॅक्टिकलच्या वेळीच येत होता, त्यामुळे मानसशास्त्राच्या एकाही विद्यार्थ्याला तो घेता आला नाही. आम्हा सर्वांना मिळून एकाच विषयाच्या वर्गात बसवले गेले, आणि तो कोणता हे लिहिण्यात अर्थ नाही, कारण तो वाईट नव्हता. तो आम्ही निवडलेला नव्हता, एवढेच.

त्या वर्गात शंभरहून अधिक मुले होती, आणि शिकवणाऱ्या मॅडम तासिका तत्त्वावर असल्यामुळे त्या दिवसाचे दोन तास झाले की त्यांना पुढच्या महाविद्यालयात जाण्यासाठी एसटी पकडायची असे. तास संपल्यावर थांबून त्यांच्याशी बोलावे असे वाटत असूनही कधी जमले नाही. त्यामुळे कोणता विषय कशात मिसळावा या चर्चेआधी टाइमटेबलमध्ये सर्व विद्याशाखांचा एक सामाईक रिकामा पट्टा असावा, एवढीच माझी मागणी आहे. आठवड्यातून दोन दुपारी कोणत्याही विभागाने प्रॅक्टिकल लावू नये.

जुना कागद

मी एका विद्यापीठाच्या अभ्यास मंडळावर (विषयाचा अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीवर) काही वर्षे काम करून निवृत्त झालो आहे. वर्कलोडचा प्रश्न हा शिक्षकांच्या आळसाचा किंवा संकुचितपणाचा प्रश्न आहे असे बाहेरच्यांना वाटते, म्हणून तो थोडा विस्ताराने मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास आणि सहयोगी प्राध्यापक व प्राध्यापकाने १४ तास प्रत्यक्ष अध्यापन करणे अपेक्षित आहे. अनुदानित महाविद्यालयात पद मंजूर होते किंवा टिकते ते त्या विषयाला किती तास आहेत यावर. म्हणजे भूगोलाचा एक तास रसायनशास्त्राला दिला, की भूगोलाच्या एखाद्या पदाखालची एक वीट निघाली. विभागप्रमुख तासांवर नागासारखा बसतो, कारण त्याच्यामागे नोकरी टांगलेली एखादी व्यक्ती उभी असते. आपण कितीही उदात्त प्रस्ताव आणा, जोवर एका तासाला दोन शिक्षक उभे राहिल्यावर तो दोघांच्याही खात्यात मोजला जात नाही, तोवर सहअध्यापन हे दोन मित्रांच्या खासगी हौसेवर चालेल, आणि त्यांतल्या एकाची बदली झाली किंवा भांडण झाले की बंद पडेल.

दुसरी गोष्ट रचनेची आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ प्रमाणे विद्यापीठात चार विद्याशाखा आहेत: विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविज्ञान आणि चौथी आंतरविद्याशाखीय अभ्यास. नाव वाचून वाटेल की मुरूमवाट यांच्या विहिरीचे हेच हक्काचे घर आहे. प्रत्यक्षात या चौथ्या विद्याशाखेत शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता असे विषय आहेत. हे विषय महत्त्वाचे आहेत याबद्दल वाद नाही, परंतु प्रत्येकाचे आपले स्वतंत्र अभ्यास मंडळ आहे आणि उरलेल्या तीन घरांत जे मावले नाहीत त्यांना चौथ्या घरात जागा दिली, असेच त्याचे रूप झाले आहे. दोन अभ्यास मंडळांनी मिळून एक अभ्यासक्रम आणला की तो आधी कोणत्या मंडळाच्या इतिवृत्तात लिहायचा यावरच बैठक संपते, हे मी स्वतः पाहिले आहे. आपले महाविद्यालय स्वायत्त आहे, तेव्हा आपली विद्या परिषद ठरावाने एक संयुक्त समिती नेमू शकेल. तो रस्ता वापरा.

आणि एक व्यावहारिक युक्ती सांगतो, जी नियमात बसते. आपला अभ्यासक्रम दोन क्रेडिट तात्त्विक म्हणून दाखवला आहे, म्हणून तीस तास. त्याऐवजी एक क्रेडिट तात्त्विक आणि एक क्रेडिट प्रात्यक्षिक असा दाखवा. तात्त्विकचे १५ तास होतील, प्रात्यक्षिकच्या एका क्रेडिटला मात्र ३० तास मिळतात, आणि प्रात्यक्षिकाला बॅचेस पाडता येतात. तात्त्विक आपल्या नावावर ठेवा, एक बॅच मॅडमच्या आणि दुसरी सरांच्या नावावर लावा, आणि दोन्ही बॅचेस टाइमटेबलमध्ये एकाच वेळी ठेवा. कागदावर दोन बॅचेस आहेत. विहिरीवर सगळे एकत्र उभे आहेत. यात कोणाचीही फसवणूक नाही, कारण तितके काम खरोखरच होत आहे.

नळपाणी

आयआयटी मुंबईत ग्रामीण भागासाठी तंत्रज्ञानाचे पर्याय शोधणारे सितारा हे केंद्र १९८५ पासून आहे आणि तिथे तंत्रज्ञान व विकास या विषयातील एम.टेक. २००७ मध्ये सुरू झाले. मी त्या अभ्यासक्रमातून गेलो आहे. मूळचा मी स्थापत्य अभियंता, माझ्या शेजारी बसणारा यंत्र अभियंता, आणि आम्हा दोघांनाही गावात मुक्काम करून ग्रामपंचायतीचे दप्तर वाचायला लावले होते. त्याचे महत्त्व एका अनुभवावरून सांगतो.

एका पाड्यावरची नळपाणी योजना बंद पडली होती. मी उत्साहाने पाइपचा व्यास, उंचीतला फरक आणि घर्षणाने होणारी दाबाची घट असे सगळे मोजले. आराखड्यात काहीही चूक नव्हती. योजना बंद होती ती विजेचे बिल थकल्यामुळे. बिल थकले होते कारण पाणीपट्टी वसूल होत नव्हती. आणि पाणीपट्टी वसूल होत नव्हती कारण टाकीपासून शेवटच्या दहा-बारा घरांना पाणी पोचतच नव्हते आणि ती घरे पैसे द्यायला तयार नव्हती. आता यातला कोणता भाग अभियांत्रिकीचा आणि कोणता लेखाशास्त्राचा, हे सांगून पाहा. दाबाची घट आणि वसुलीची घट या एकाच रेषेची दोन टोके होती, आणि ती रेषा मला एका बाजूनेच शिकवली गेली होती.

तालुक्याच्या महाविद्यालयांना यात आमच्यापेक्षा मोठा फायदा आहे असे माझे मत आहे. आम्हाला पवईहून कर्जतला जावे लागे. तुमचे विद्यार्थी सकाळी त्याच गावातून निघून वर्गात येतात. राज्य शासनाने २०१६ मध्ये उन्नत महाराष्ट्र अभियान सुरू केले, त्यामागची कल्पनाच अशी होती की स्थानिक महाविद्यालयांनी आपल्या जिल्ह्यातील पाणी, वाहतूक, ऊर्जा अशा प्रश्नांचा अभ्यास करावा आणि प्रशासनाने तो वापरावा. फक्त एक खबरदारी घ्या. प्रश्न शिक्षकांनी ठरवू नका. आपण ठरवलेला प्रश्न आपल्या विषयाच्या मापाचा निघतो.

अपूर्णांक

नळपाणी यांचे उदाहरण पटले. मग मी माझा आक्षेप थोडा अरुंद करतो: अशा कामात संख्याशास्त्राचा उपयोग केवळ सरासरी काढण्यापुरता होऊ नये.

मांडवीकाठ

अपूर्णांक यांच्या या वाक्यासाठी गोव्याहून एक नाव पुढे करते: गणिती आणि इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबी. जन्म १९०७, गोव्यातील कोसबें. पुण्यात फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना त्यांनी तक्षशिलेला सापडलेल्या आहत (ठसे ठोकून उमटवलेल्या प्राचीन) नाण्यांच्या साठ्यांचा अभ्यास केला. युक्तिवाद साधा आणि सुंदर होता. नाणे हातोहात फिरताना झिजते, म्हणून जे नाणे जास्त काळ चलनात होते त्याच्या गटाचे सरासरी वजन कमी भरणार. पण सगळी नाणी सारखी फिरत नाहीत, म्हणून त्या गटातील वजनांचे विचलनही वाढत जाणार. म्हणजे नुसती सरासरी नव्हे, विचलनसुद्धा इतिहासाचा पुरावा ठरते. त्यांचेच १९४४ चे एक सूत्र आनुवंशशास्त्रात गुणसूत्रावरील अंतरे काढण्यासाठी आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. हे त्यांना जमले ते आधी पक्के गणिती होते म्हणून, हे मी अपूर्णांक यांना आनंदाने मान्य करते. मात्र तराजू घेऊन नाण्यांपाशी बसण्याची इच्छा गणिताच्या तासातून आली नसावी.

गोवा विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन (मानाचे प्राध्यापकपद) आंतरविद्याशाखीय अभ्यासासाठीच आहे आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी ते भूषवले होते. गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांचा पश्चिम घाटातील देवरायांवरचा लेख १९७६ चा आहे. वनस्पतींची यादी आणि देवाची भीती एकाच अभ्यासात मांडल्याशिवाय देवराई का टिकली हे सांगता आले नसते. अर्थात अध्यासनाला मोठी माणसे येतात, व्याख्याने देतात आणि जातात. विभागांमधल्या भिंती तशाच राहतात. त्यामुळे मला अध्यासनापेक्षा आपल्या विहिरीच्या दोन बॅचेस अधिक आशादायक वाटतात.

त्रिशंकू

माझे टोपणनाव पाहून ओळखले असेलच. माझी पीएच.डी. इतिहास आणि जलव्यवस्थापन या दोन्हींच्या सीमेवर आहे. संशोधन करताना अडचण आली नाही. दुसऱ्या विभागातील सहमार्गदर्शक मिळाले. अडचण सुरू झाली ती जाहिराती निघाल्यावर. पद असते इतिहासाचे किंवा भूगोलाचे, आणि संबंधित विषयातील नेट (अध्यापकपदासाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) विचारली जाते. इतिहासाच्या मुलाखतीत तज्ज्ञ म्हणाले की हे फारच तांत्रिक आहे. दुसरीकडे म्हणाले की यात भूगोल कुठे आहे? माझ्या मार्गदर्शकांनी मला सल्ला दिला की प्रबंधाचे नाव सांगताना दुसरा अर्धा भाग गिळून टाकत जा.

विद्यार्थ्यांनी आंतरविद्याशाखीय शिकावे असे ज्या संस्था म्हणतात, त्या तसे शिकलेला माणूस नेमायला तयार नसतील, तर वर्गात हे शिकवणार कोण? निवड समितीत दुसऱ्या विद्याशाखेचा एकच तज्ज्ञ बसवला तरी मुलाखतीचे प्रश्न बदलतील. सध्या मी तासिका तत्त्वावर दोन ठिकाणी शिकवतो. सत्र पाचवे यांनी लिहिलेल्या मॅडमची एसटी मलाही पकडावी लागते.

मुरूमवाट

सर्वांचे मनापासून आभार. जुना कागद यांची एक अधिक एक क्रेडिटची मांडणी काल विभागप्रमुखांपुढे ठेवली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो अपेक्षेप्रमाणे "बॅचेस नक्की कोणाच्या नावावर?" हाच होता, पण नकार दिलेला नाही. सामाईक दुपारींचा मुद्दा मी प्राचार्यांकडे स्वतंत्र पत्राने नेत आहे. पत्रात मागणी विद्यार्थ्यांची आहे असे लिहिले आहे, कारण ती आहेच. निवड समितीचा प्रश्न माझ्या आवाक्यातला नाही, तरी त्रिशंकू यांनी आमच्या विहिरीवर एक दिवस यावे. येण्याजाण्याचा खर्च आम्ही तिघे करू.

नळपाणी यांच्या खबरदारीवर विचार करून यंदा प्रश्न ठरवण्याचे पहिले चार तास मुलांकडे सोपवले. मराठी विभागाच्या दोन मुली आल्या, आणि त्यांनी गावातील म्हाताऱ्यांकडून जमिनीचे शब्द गोळा केले: चोपण, चिबड, बरड, मुरमाड. नकाशावर हे शब्द लावून पाहिले तेव्हा जिथे लोक चोपण म्हणत होते, तिथल्या नमुन्यांत मॅडमना क्षारांचे प्रमाण जास्त मिळाले. पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत आणि दुसरा स्रोत नसल्यास २००० पर्यंत चालतील असे भारतीय मानक आहे. चोपणातल्या एका विहिरीचा आकडा या दोन्हींच्या मधोमध आला. म्हणून यंदाचा प्रश्न मुलांनी असा काढला आहे: हे पाणी लोक अजून का पितात?

परीक्षेपुरते सांगतो. लेखी प्रश्नपत्रिका काढून टाकली आहे. प्रत्येक गटाला एका विहिरीचे चार पानी टिपण लिहायचे आहे, आणि तोंडी परीक्षेत गटातल्या प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या विषयाबाहेरचा भाग समजावून सांगावा लागेल. वाणिज्यच्या मुलाने कातळाबद्दल आणि रसायनशास्त्राच्या मुलीने बिलाबद्दल बोलायचे. गुण तिघेही वेगवेगळे देणार आणि फरक मोठा पडला तर आधी आपापसात बोलणार. अपूर्णांक, त्या तीन आकड्यांच्या विचलनाचे काय करायचे, हे मात्र तुम्हीच सांगा.

अपूर्णांक

तीन आकड्यांवरून विचलनाबद्दल काही म्हणणे धाडसाचे ठरेल. सर्व गटांचे तीनही परीक्षकांचे गुण, परीक्षकांची नावे काढून, मला पाठवा. एक परीक्षक सर्वांनाच सढळ हाताने गुण देत आहे, की दोघांचे एखाद्याच गटाबद्दल मतभेद आहेत, हे त्यातून वेगळे काढता येईल. तिसऱ्या वर्षाच्या मुलांना हेच उदाहरण देईन म्हणतो.